वसुलीची टिपणी लिहिण्याआधी : पुण्यातल्या आस्थापना शाखांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर व जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांमधील आस्थापना लिपिक, कार्यालय अधीक्षक आणि आहरण व संवितरण अधिकारी (पगाराची बिलं काढणारे)

विषय : सेवानिवृत्तीच्या तोंडावर होणाऱ्या अतिप्रदानाच्या (चुकून जास्त दिलेल्या वेतनाच्या) वसुलीबाबत

स.न.वि.वि.

मी तुमच्यातलाच एक आहे. पुणे स्टेशन ते विधानभवन या पट्ट्यात जी सरकारी कार्यालयं आहेत, त्यातल्या एकात माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली वीस वर्षं आस्थापनेच्या टेबलावर गेली. सेवापुस्तकं, वेतनवाढी, रजेचे हिशेब, पेन्शनची प्रकरणं. २०२४ मध्ये कार्यालय अधीक्षक म्हणून सेवानिवृत्त झालो. हे पत्र आधी मंत्रालयाला लिहायला घेतलं होतं. चार ओळी लिहूनही झाल्या. मग वाटलं, वसुलीचा आदेश काही मंत्रालयात तयार होत नाही. तो तुमच्या टेबलावर तयार होतो. साहेब सही करतात ती तुमच्या टिपणीखाली. म्हणून तुम्हालाच लिहितो आहे.

आमच्याकडे एक शिपाई मावशी होत्या. पती याच खात्यात होते, ते गेल्यावर १९९१ मध्ये त्या अनुकंपा तत्त्वावर लागल्या. धायरीहून बस बदलत यायच्या आणि कार्यालयाचं कुलूप बहुतेक दिवस त्यांच्याच हातांनी उघडायचं. वर्ग चारला निवृत्तीचं वय साठ, त्यामुळे ३१ मे २०२३ ही त्यांची तारीख ठरलेली. पेन्शनचं प्रकरण मुंबईला महालेखापालांकडे पाठवायचं, म्हणून सेवापुस्तक वेतन पडताळणीला गेलं आणि जानेवारीत आक्षेप लागून परत आलं. पेन्सिलीने खूण केलेलं पान उघडलं, तर अक्षर माझं होतं.

नोंद सहाव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीची. आयोग १ जानेवारी २००६ पासून लागू झाला, पण राज्याचे सुधारित वेतनाचे नियम आले २००९ मध्ये. ज्यांनी तो उन्हाळा आस्थापनेत काढला त्यांना वेगळं सांगायला नको. तीन वर्षांच्या वेतनवाढी एका बैठकीत लिहायच्या, थकबाकीची बिलं करायची, आणि दारात माणसं उभी. ऐंशीच्या वर सेवापुस्तकं मी आणि एका कनिष्ठ सहकाऱ्याने दीड महिन्यात हातावेगळी केली. त्या आयोगाने सगळ्यांची वेतनवाढ १ जुलै या एका तारखेवर आणली आणि त्यासाठी निदान सहा महिन्यांची सेवा धरली जायला हवी, अशी अट घातली. मावशींनी ऑक्टोबर २००६ ते एप्रिल २००७ अशी सात महिन्यांची असाधारण (बिनपगारी) रजा घेतली होती. मुलगा आजारी होता. आजारपण त्यांचं स्वतःचं नव्हतं, त्यामुळे ती रजा वेतनवाढीला धरता येत नव्हती. वर्षातले उरले पाच महिने. १ जुलै २००७ ची वेतनवाढ त्यांना देय नव्हती. मी ती लावली. २२० रुपये.

रजेची नोंद त्याच पुस्तकात, मागे रजेच्या हिशेबात होती, तीही माझ्याच अक्षरात. चार पानं मागे उलटली असती तर दिसली असती.

त्या २२० रुपयांचं पुढे काय झालं ते तुम्ही मनातल्या मनात मांडू शकता. पुढची प्रत्येक वेतनवाढ एक पायरी वरून लागली. त्यावर महागाई भत्ता, जो २०१५ पर्यंत शंभर टक्क्यांच्या पुढे गेला. त्यावर घरभाडे भत्ता. मग सातव्या आयोगात त्या चुकीच्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणलं, आणि दरमहा २२० ची चूक सातशेच्या घरात गेली. जुलै २००७ ते मे २०२३ असा तक्ता मीच एक्सेलमध्ये केला. खालची बेरीज आली १ लाख ३८ हजार ४१२ रुपये. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळणार होतं सहा लाखांच्या थोडं वर. त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त.

मावशींना मी समोर बसवून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तक्त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, रजेचा अर्ज तर मी तुमच्याच हातात दिला होता."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी त्याच दिवशी दुपारी मी टिपणी लिहिली : "सदर अतिप्रदानाची रक्कम संबंधितांच्या सेवानिवृत्ती उपदानातून एकरकमी वसूल करण्यास हरकत नसावी. आदेशार्थ सादर." सोबत संमतीपत्र जोडलं. ते मीच टाइप केलं, त्यांनी सावकाश अक्षर लावत सही केली. हरकत नसावी, हे शब्द मी गेल्या दोन वर्षांत किती वेळा आठवले असतील, सांगता येत नाही. हरकत कोणाची नसावी? चूक माझी, तपासणी करायची राहिली ती वरच्यांची, सह्या तिघांच्या, आणि पैसे गेले ते जिचा वेतननिश्चितीशी काडीचाही संबंध नव्हता तिचे.

आणि हे कायद्यालाही धरून नव्हतं. मला ते तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं. टेबलावर बसणाऱ्याला ते ठाऊक असायलाच हवं होतं, ही माझी चूक मी लपवत नाही. तुमच्या बाबतीत ती होऊ नये, म्हणून पुढचं सविस्तर लिहितो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात निकाल दिला. निकालाच्या शीर्षकातच त्या माणसाचं काम लिहिलेलं आहे : रंगसफेदी करणारा. न्या. जे. एस. खेहर आणि न्या. अरुण मिश्रा यांनी त्यात अशा पाच परिस्थिती सांगितल्या, जिथे चुकून जास्त दिलेलं वेतन परत वसूल करणं कायद्यात बसत नाही. पहिली, कर्मचारी वर्ग तीन किंवा वर्ग चारचा (म्हणजे गट-क किंवा गट-ड) असेल. दुसरी, तो निवृत्त झाला असेल किंवा वसुलीच्या आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणार असेल. तिसरी, जास्तीचं प्रदान वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेलं असेल. चौथी, त्याच्याकडून वरच्या पदाचं काम चुकीने करून घेतलं आणि त्या पदाचा पगार दिला, असं झालं असेल. पाचवी, वसुली इतकी जाचक ठरणार असेल की मालकाच्या वसुलीच्या हक्कापेक्षा अन्यायाचं पारडं जड होईल.

मावशींचं प्रकरण पाचातल्या पहिल्या तिन्हींत बसत होतं. एकात बसलं असतं तरी पुरे होतं.

निकालात खालच्या श्रेणीतल्या माणसाबद्दल जे म्हटलं आहे, ते आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्याचा सगळा पगार घरखर्चात जातो. दर महिन्याला जास्तीचे दोनशे आले ते त्याच महिन्यात किराण्यात, रिक्षात, शाळेच्या फीत गेले. सरकारला ते परत मिळून जेवढा फायदा होईल, त्यापेक्षा त्याला होणारा त्रास कितीतरी मोठा. निवृत्तांबद्दलही तिथे लिहिलं आहे, की या वयात गरजा वाढलेल्या असतात आणि मिळकत आटलेली असते.

हा विचार काही २०१४ मध्ये अचानक आला नाही. साहिब राम नावाच्या हरियाणातल्या ग्रंथपालाला प्राचार्यांनी नियमाचा चुकीचा अर्थ लावून वरची वेतनश्रेणी दिली होती. त्याने काही खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडून वसुली करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच म्हटलं. डिसेंबर २००८ मध्ये बिहारच्या शिक्षकांच्या, सय्यद अब्दुल कादिर प्रकरणात तेच. केरळचे थॉमस डॅनियल हे शिक्षक मुख्याध्यापक म्हणून ३१ मार्च १९९९ ला निवृत्त झाले आणि त्यांच्यावरची वसुली रद्द ठरल्याचा अंतिम निकाल आला २ मे २०२२ रोजी. तेवीस वर्षं. आपल्या एका टिपणीने माणसाचं आयुष्य किती लांबवर अडकतं, ते या तारखांत दिसतं. अगदी एप्रिल २०२५ मध्ये ओडिशातल्या न्यायालयीन लघुलेखकांच्या, जोगेश्वर साहू यांच्या प्रकरणात निवृत्तीनंतर काढलेले वसुलीचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केले.

केंद्र सरकारने २ मार्च २०१६ रोजी कार्मिक विभागाचं ज्ञापन काढून रफिक मसीहमधल्या त्या पाच परिस्थिती आपल्या सर्व खात्यांना कळवल्या. माझ्या टेबलावर मात्र त्या कधी कागदाच्या रूपाने आल्या नाहीत. मला त्या कळल्या निवृत्तीनंतर, पेन्शनरांच्या एका बैठकीत, शेजारी बसलेल्या वकिलांकडून.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धंच सांगून तुम्हाला अडचणीत टाकायचं नाही. चंडी प्रसाद उनियाल प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की जास्तीचं दिलेलं वेतन हा करदात्यांचा पैसा आहे. तो देणाऱ्या अधिकाऱ्याच्याही मालकीचा नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही. मला ते मान्य आहे. ज्याने खोटा दाखला दिला, जन्मतारीख फिरवली, वस्तुस्थिती दडवली, त्याच्याकडून पैसा वसूल व्हायलाच हवा, कितीही वर्षं झाली तरी. राजपत्रित अधिकाऱ्याला गेल्या वर्षी चुकून जास्त गेले आणि चूक लगेच सापडली, तर हप्ते पाडून घ्यावेत, त्यात अन्याय काही नाही. आणि वेतन पुढे दुरुस्त होणारच. मावशींची पेन्शन दुरुस्त वेतनावर बसली, त्याबद्दल त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, मीही करत नाही. वेतन दुरुस्त करणं आणि मागचे सोळा वर्षांचे पैसे काढून घेणं, या दोन गोष्टी आपण एकाच वाक्यात लिहून टाकतो. त्या वेगळ्या आहेत. टिपणीत त्या वेगळ्या परिच्छेदांत लिहायची सवय लावून घ्या.

आपल्या राज्याच्या नियमांतही हवी तशी वसुली करायची मुभा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला १३४-अ काढून बघा. निवृत्तीनंतर आढळलेली जास्तीची रक्कम निवृत्तिवेतनातून वसूल करता येते असं तो म्हणतो, पण त्याचं पहिलं परंतुक (नियमाला जोडलेली अट) सांगतं, की वसुली का करू नये हे मांडायची वाजवी संधी निवृत्तिवेतनधारकाला दिली पाहिजे. दुसरं परंतुक हप्त्यांचं आहे, पेन्शन किमान रकमेच्या खाली जाऊ नये म्हणून. आपण काय करतो? माणूस निवृत्त होण्याआधीच उपदानातून एकरकमी कापून मोकळे होतो. कारणे दाखवा नोटीस नाही, हिशेबाचा तक्ता त्याच्या हातात नाही. "सही करा, नाहीतर प्रकरण मुंबईहून परत येईल," एवढं एक वाक्य असतं. ते वाक्य मीही वापरलं आहे. समोरचा माणूस त्या वाक्याला घाबरतो, कारण पुढच्या महिन्यात पगार येणार नसतो आणि पेन्शन सुरू झालेली नसते.

इथे वचनपत्राचा प्रश्न येतो, आणि तो तुमचे लेखाधिकारी नक्की काढतील. २०१६ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालय विरुद्ध जगदेव सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वसुली कायम ठेवली, कारण सुधारित वेतनश्रेणीचा विकल्प देताना जगदेव सिंग यांनी जास्तीची रक्कम परत करण्याचं वचन लिहून दिलं होतं. आपणही प्रत्येक वेतन आयोगाला विकल्पासोबत वचनपत्र घेतो. मग लगेच म्हणतात, वचनपत्र आहे ना, संपलं. पण तो निकाल नीट वाचा. जगदेव सिंग न्यायिक अधिकारी होते. आणि न्यायालयाने जे बाजूला ठेवलं ते दुसऱ्या परिस्थितीचं, म्हणजे निवृत्तांबद्दलचं तत्त्व. वर्ग तीन आणि चारबद्दलची पहिली परिस्थिती तिथे प्रश्नातच नव्हती. माझी समजूत अशी आहे, की शिपायाकडून घेतलेल्या छापील वचनपत्रावर जगदेव सिंगचा शिक्का मारता येत नाही. निवृत्तीच्या महिन्यात दबावाखाली घेतलेलं संमतीपत्र तर त्याहून लांबची गोष्ट. तुम्ही निदान एवढं करा, की असं संमतीपत्र टाइप करू नका. माणसाला स्वतःहून द्यायचं असेल तर तो देईल.

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला न्यायालयाचा रस्ता मोकळा आहे. आहे, कागदावर. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने जायचं ते महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात. त्याची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुण्यात नाही. पुण्याच्या शिपायाला प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची, सकाळची गाडी पकडायची, वकिलाची फी द्यायची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला उच्च न्यायालय. मावशींना मी विचारलं होतं, जायचं का? त्यांनी विचारलं, जाण्या-येण्याचे किती? तिथेच विषय थांबला. जो न्यायालयात जाऊ शकतो त्याची वसुली परत मिळते, जो जाऊ शकत नाही त्याची जाते, हे सरकारी कार्यालयाला शोभत नाही. निकाल सगळ्यांसाठी आहे, तर तो आपण टेबलावरच लागू करायला हवा.

तुमच्या मनात एक भीती आहे, तीही मला माहीत आहे. वसुली सोडली तर लेखापरीक्षणात परिच्छेद (लेखी आक्षेप) लागेल आणि ती रक्कम आपल्या माथी येईल. म्हणून वसुली लिहिणं सुरक्षित वाटतं. मलाही तेच वाटलं होतं. पण परिच्छेदाला उत्तर निकालाच्या आधाराने देता येतं, आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे निर्लेखनाचा (रक्कम वसूल न करता हिशेबातून सोडून देण्याचा) प्रस्ताव पाठवण्याचा मार्ग वित्तीय नियमांत आहेच. तो प्रस्ताव करायला दोन दिवस जास्त लागतात एवढंच. इथे वित्त विभागालाही एक विनंती, हे पत्र कधी तिथवर पोचलं तर : रफिक मसीहच्या पाचही परिस्थिती सोप्या मराठीत, एका पानात, प्रत्येक आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा, आणि वर्ग तीन-चारच्या बाबतीत वसुलीचा प्रस्ताव करण्याआधी त्या पानावर खूण करणं सक्तीचं करा.

मुळात हा प्रश्न निवृत्तीच्या तोंडावर उगवतो, कारण सेवापुस्तक आपण तेव्हाच उघडतो. २००९ ची नोंद २०२३ मध्ये तपासली गेली. मधे चौदा वर्षं गेली. मधे सातवा आयोग आला, ३० जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने त्याची वेतननिश्चिती झाली, तेव्हाही मागचं पान कोणी पाहिलं नाही. चुकीच्या आकड्यावर पुढचा आकडा चढवला. कर्मचाऱ्याला दरवर्षी सेवापुस्तक दाखवून सही घ्यायची, त्याला दुय्यम प्रत द्यायची, हे सगळं नियमात आहे. आपण डिसेंबरात एकदा वही फिरवतो आणि "पाहिले" म्हणून सह्या घेतो. मावशींच्या पुस्तकात अशा तेरा सह्या आहेत. त्या सह्या दाखवून मला कोणी म्हणालं होतं, की बघा, त्यांना माहीत होतं. वर्ग चारच्या माणसाने वेतनवाढीची अर्हताकारी सेवा मोजून आपली चूक पकडावी, अशी अपेक्षा आपण मनापासून करतो का?

आता आठव्या आयोगाची चर्चा सुरू आहे. म्हणजे आज ना उद्या पुन्हा तो उन्हाळा येणार, पुन्हा थकबाकीची घाई, पुन्हा दारात माणसं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नवीन वेतननिश्चितीचं पान लिहिण्याआधी प्रत्येक पुस्तकात तीन ठिकाणं बघा. असाधारण रजेची पानं. आश्वासित प्रगती योजनेचे (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनाचे) लाभ, कारण बाराव्या वर्षाचा, चोविसाव्या वर्षाचा आणि सातव्या आयोगानंतरचा दहा-वीस-तीसचा, या तारखांत आपण सगळ्यात जास्त चुकतो. आणि परीक्षांच्या नोंदी : टंकलेखन, मराठी-हिंदी भाषा, संगणक अर्हता. एमएस-सीआयटीच्या मुदतीवरून वेतनवाढी परत घेतल्याची प्रकरणं तुमच्यातल्या जुन्या लोकांनी हाताळली आहेत. ही तीन ठिकाणं बघायला एका पुस्तकाला वीस मिनिटं लागतात. नंतर वर्षाच्या आत ती पुस्तकं पडताळणीला पाठवा, निवृत्तीची वाट बघू नका. चूक वर्षभरात सापडली तर हजार-दोन हजारांची असते आणि कोणाचं काही बिघडत नाही.

एक बाजूची गोष्ट, पण पुण्यात ती मला वारंवार विचारली जाते. भोसरी-चाकणच्या कंपन्यांमध्ये काम करणारी आमची मुलं सांगतात, की पगाराच्या हिशेबात चूक झाली आणि पुढच्या महिन्यात खात्यात जवळपास काहीच आलं नाही. तिथे आपले सेवानियम लागू नाहीत, पण कायदा आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात जास्त दिलेलं वेतन वळतं करून घ्यायची परवानगी होती, मात्र एका वेतन कालावधीतली एकूण कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये, सहकारी संस्थेचे देणे असेल तर पाऊण हिश्शाच्या. २०१९ च्या वेतन संहितेतही पन्नास टक्क्यांची मर्यादा आहे. खाजगी मालकालाही निम्म्याच्या वर हात घालता येत नाही, आणि आपण सरकारी माणसं उपदानातून एका फटक्यात लाख-सव्वा लाख काढून घेतो.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. धायरीच्या खोलीसाठी त्यांनी पतसंस्थेकडून कर्ज घेतलेलं होतं. उपदान आलं की ते फेडून मोकळं व्हायचं असं ठरलेलं. वसुली कापून जे आलं, त्यातून कर्ज फिटलं, पण भोरकडच्या घराची पावसाने पडलेली मागची भिंत तशीच राहिली. दोन वर्षं तिथे ताडपत्री आहे. गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो, निकालाची प्रत सोबत नेली, आणि त्यांच्या वतीने अभ्यावेदन (कार्यालयाकडे दाद मागणारा अर्ज) लिहिलं. चूक माझ्या हातून झाली होती, रजेचा अर्ज वेळेवर माझ्याकडे दिला होता, हे त्यात स्पष्ट लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही केली. त्या सहीने माझ्यावर काही आलं तर येऊ दे.

ती मूळ टिपणी आज लिहायची वेळ आली असती तर मी अशी लिहिली असती. तुमच्यापैकी कोणाला उपयोगी पडली तर शब्द बदलून घ्या :

"वेतन पडताळणीत निदर्शनास आल्यानुसार श्रीमती (शिपाई, गट-ड) यांची दि. १.७.२००७ ची वार्षिक वेतनवाढ देय नव्हती. सदर चूक कार्यालयाकडून झालेली असून कर्मचाऱ्याने कोणतीही माहिती दडवलेली नाही. रजेचा अर्ज व रजेची नोंद अभिलेखात आहे. वेतन दुरुस्त करून सुधारित वेतननिश्चिती प्रस्तावित आहे व निवृत्तिवेतन त्यानुसार परिगणित करण्यात येईल. अतिप्रदानाच्या रकमेबाबत : कर्मचारी गट-ड मधील आहे, चार महिन्यांत नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहे, आणि प्रदान पाच वर्षांहून अधिक काळ झालेले आहे. मा. सर्वोच्च न्यायालयाच्या दि. १८.१२.२०१४ च्या (पंजाब राज्य वि. रफिक मसीह) निर्णयातील परिस्थिती क्र. १, २ व ३ लागू होत असल्याने वसुली करणे विधिसंमत होणार नाही. सबब वसुली न करता निर्लेखनाचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करण्यास मान्यता असावी. उपदान व निवृत्तिवेतन विहित दिनांकास अदा व्हावे, यास्तव प्रकरण प्रलंबित ठेवू नये."

मावशींच्या अभ्यावेदनाची आवक क्रमांकासह पोच त्यांनी देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. माझा फोन आला की त्या आधी तेच विचारतात.

आपला,
एक सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक
पुणे